मनोविकासनगरची शाळा

सिकंदराबादेत बोवेनपल्लीजवळ मनोविकासनगर आहे. १९८४ साली केंद्र सरकारनं मतिमंदांसाठीची राष्ट्रीय संस्था इथं काढली. तिच्या खास शाळेत आमच्या शेजारच्या काकू मुलाला सोडायच्या. कधीमधी मीही सोबत जायचो. घरी मराठी, बाहेर हिंदी-तेलुगू. तरी पोरगं शिकलं: आधी बटण लावणं, मग पैसे मोजणं, बसचा नंबर ओळखणं. मिसरूड फुटल्यावर पूर्व-व्यावसायिक वर्ग, म्हणजे हाताला कामाची सवय.

पुढे संस्थेच्या नावातला ‘मतिमंद’ गेला, ‘बौद्धिक दिव्यांगजन’ आलं. २०१६ च्या कायद्यानं ४० टक्के वा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पाटी बदलली, कायदा आला. पण “अठरानंतर काय हो?” हा काकूंचा प्रश्न मला अजून जुना झालेला दिसत नाही.