ओलीला वाट हवी



पावसाळा निम्मा सरला की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. कपाट उघडलं की कुबट वास येतो, गाद्या ओलसर लागतात, भिंतीचे पोपडे सुटतात आणि पलंगामागे काळे ठिपके उमटतात. राजवाड्यांचा आणि लढायांचा इतिहास आपण शाळेत शिकलो. आज आपण भिंतीतल्या ओलीचा इतिहास ऐकू या. तो बराचसा बायकांच्या हातांनी घडलेला आहे.

सुरुवात कोकणापासून करू. रत्नागिरीकडे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. घरं बांधायची ती जांभ्याच्या चिऱ्यांची. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन या संशोधकाने या दगडाला लॅटराइट हे नाव दिलं. लॅटिन भाषेत 'लॅटर' म्हणजे वीट. खाणीतून विटेसारखा कापून काढता येतो, म्हणून हे नाव. पण हा दगड सच्छिद्र. समईची वात जसं तेल वर ओढते, तसं अशी भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते.

मग जुन्या लोकांनी काय केलं? जोतं उंच घेतलं. छप्पर उतरतं ठेवून वळचण भिंतीच्या बरीच पुढे काढली, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. पावसाचा मारा जिकडून येतो त्या बाजूला माडाच्या झावळ्या विणून झडी बांधल्या. भिंतीला चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी दिली. किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करत, तर देशावर बैलांच्या घाणीत तो मळत. चुन्याचे दोन गुण आहेत. तो क्षारयुक्त असल्यामुळे त्यावर बुरशी सहज धरत नाही, आणि त्यातून ओल बाहेर पडू शकते. भिंत पावसात भिजायची आणि उन्हाळ्यात सुकायची. पाणी आत येणारच, हे धरून चालायचं आणि त्याला बाहेर जायची वाट ठेवायची, असा तो सारा बेत होता.

हा बेत दरवर्षी नव्याने मांडावा लागे. झावळ्या विणायच्या, जमीन चोपायची, शेणाने सारवायची, दिवाळीआधी भिंती पांढऱ्या करायच्या, भादव्याच्या उन्हात गोधड्या आणि धान्य वाळत घालायचं. चुलीचा धूर माळ्यावर जाई. त्याने वासे कोरडे राहत आणि त्यांना कीड लागत नसे. मात्र तोच धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जाई. जुनं ते सगळं सोनं होतं असं आम्ही म्हणत नाही. घर कोरडं राहिलं, पण त्याची किंमत कुणीतरी मोजत होतं.

घाट चढून वर आलं की ओलीची वेगळी गोष्ट दिसते. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणत. तोंड बंद केलं की आत हवा नाही आणि पाणीही नाही, त्यामुळे माल वर्षानुवर्षं टिके. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, आधी कोंडलेली हवा जाऊ द्यायची, हा दंडक होता. पण भोवतालची जमीन कोरडी असेल तोवरच हे सारं चालतं. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी शिरलं आणि यातली अनेक पेवं निकामी झाली. जमिनीखालच्या खोलीचा हा कायमचा नियम आहे. आजच्या तळघरालाही तो लागू पडतो.

आता मुंबईकडे वळू. १८९६ साली तिथे प्लेग आला. दाटीच्या, अंधाऱ्या, ओलसर खोल्यांतूनच रोग निपजतो, अशी तेव्हाच्या अधिकाऱ्यांची समजूत होती. ऊन आत यावं म्हणून घरांची कौलं उतरवली गेली, भिंतींवर जंतुनाशक फवारलं गेलं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. ओलीवरचा तो आळ खोटा ठरला. पण त्याच वर्षी स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने समुद्रावरचा वारा वस्तीत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले. घराला हवा आणि उजेड हवा, ही गोष्ट सरकारी कामात शिरली ती अशी.

दरम्यान छपरं बदलत होती. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ती सपाट मंगलोरी कौलं किनाऱ्याने वर आली. नळीची कौलं दरवर्षी चाळावी लागत, तो त्रास पुष्कळ कमी झाला. त्यानंतर आलं सिमेंट. १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून ते निघू लागलं. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षं ते परमिटवर मिळे. १९८२ मध्ये नियंत्रण सैल झालं, १९८९ मध्ये पुरतं उठलं आणि सिमेंट गावोगाव पोचलं.

सिमेंटने बाईला मोठी सुटका दिली. सारवण गेलं, झडी गेल्या, उंदरांची बिळं गेली. पक्कं घर हे आपल्या आयांचं स्वप्न होतं आणि ते रास्तच होतं. पण श्रम गेले तशी त्यामागची समजही निघून गेली. उतरत्या छपराच्या जागी सपाट स्लॅब आला, त्यावर पाणी साचू लागलं. वळचण आखडली. रस्ता दरवर्षी चढत गेला आणि जोतं त्याच्याखाली गेलं. जुन्या जांभ्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर तैलरंग चढला. पाणी खालून येतच राहिलं, पण बाहेर पडायची वाट बंद झाली. मग ते रंग फोडून निघतं. आपण पुन्हा रंग देतो आणि ते पुन्हा फोडतं.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितलं आहे की ओल आणि बुरशी असलेल्या घरांत श्वसनाचे त्रास, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा बळावण्याचा धोका वाढतो. घरात जास्त वेळ कोण असतं? लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आपण.

तेव्हा इतिहासातून इतकं तरी उचलू या. रंगारी बोलावण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. ओल खालून चढते, छतातून उतरते, की शेजारच्या न्हाणीघरातून येते? घराभोवतालची माती जोत्याच्या खाली ठेवा आणि पागोळीचं पाणी चरातून लांब न्या. ओली भिंत सुकल्याशिवाय तिच्यावर जलरोधक रंग चढवू नका. जुनी दगडी किंवा मातीची भिंत असेल तर गवंड्याकडे चुन्याच्या गिलाव्याचा आग्रह धरा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. स्वयंपाकाची वाफ बाहेर जाऊ द्या आणि बंद खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. बुरशी कोरडी झाडू नका, कारण तिचे बारीक कण घरभर उडतात. नाकातोंडाला फडकं बांधून साबणाच्या पाण्याने पुसा आणि ती जागा पूर्ण वाळवा.

आणि एक सांगणं आहे. घर बांधायचा बेत ठरतो तेव्हा जोत्याची उंची, वळचण आणि खिडक्या यांवर बोलायला घरातल्या बाईने बसायलाच हवं. घर कोरडं ठेवायचं काम शेवटी तिच्याच वाट्याला येतं.