कृत्रिम श्वसन आणि रुग्णाचा नकाराधिकार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

इ.स. १९५२ मध्ये कोपनहेगनच्या पोलिओ साथीत ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेनुसार श्वासनलिकेतील नळीवाटे हाताने हवा भरून अनेकांचे प्राण वाचविण्यात आले. पुढे बरे होण्याची आशा नसलेल्यांचाही श्वास यंत्राने चालू राहू लागला, तेव्हा यंत्र नाकारण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उद्भवला. १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांना उत्तर देताना पोप बारावे पायस यांनी असाधारण उपचाराचे बंधन रुग्णावर नाही व त्याच्या अनुमतीवाचून डॉक्टरांना स्वतंत्र अधिकार नाही, असे प्रतिपादन केले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सक्षम प्रौढ रुग्णाचा उपचार नाकारण्याचा हक्क व पूर्वलिखित निर्देश मान्य केले. २०२३ मध्ये त्यांची जाचक प्रक्रिया सुलभ केली. तात्पर्य, श्वास देण्याचे तंत्र आणि तो नाकारण्याचा आपल्याकडील न्यायमान्य हक्क यांत सहा दशकांहून अधिक अंतर पडले.