दुकान खाली, बिऱ्हाड वर

फटाक्यांच्या बाजूने आणि विरोधात दरवर्षी बरेच लिहिले जाते. त्यात बहुतेक वेळा धूर आणि आवाज हे दोनच मुद्दे असतात. वाजण्याआधी फटाका कुठे ठेवलेला असतो, हा तिसरा मुद्दा सहसा कोणी काढत नाही. कारखान्यातून निघालेला माल आपल्या अंगणात येईपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे, कुठल्या तरी दुकानात पडून असतो. त्या दुकानाच्या डोक्यावर, बाजूला आणि मागे कोण राहते, हा या लेखाचा विषय आहे. गिरगाव त्यासाठी सोयीचे आहे, कारण या वस्तीची रचनाच ‘दुकान खाली, बिऱ्हाड वर’ अशी आहे.

आधी थोडे मागे जाऊ. शोभेच्या दारूचा भारतातील इतिहास शोधण्याचे मोठे काम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी केले. इ.स. 1400 ते 1900 या काळातील आतषबाजीवरचा त्यांचा निबंध 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. ओरिसाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाच्या ‘कौतुकचिंतामणी’तील दारूच्या कृतींपासून एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तील लग्नाच्या आतषबाजीपर्यंतचे पुरावे त्यांनी एकत्र केले. त्यातला एक उल्लेख मला फार बोलका वाटतो. पेशव्यांच्या बखरीत महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवतात. तिथला राजा ‘दारूची लंका’ करवीत असे. रावण, राक्षस, वानर आणि हनुमान, सगळे दारूचे. ही लंका पेटे ती राजधानीच्या बाहेर. पेशव्यांनी तसाच खेळ पुण्यात करायला सांगितला, तेव्हा जागा निवडली ती पर्वतीच्या पायथ्याची.

दारू गावाबाहेर, हा शहाणपणा तेव्हा कोणी कायद्यात लिहिला नव्हता. तो अनुभवातून आला होता. मुंबईतही त्याची खूण आहे. माझगाव–रे रोडकडच्या ‘दारूखान्या’चे नाव ऐकून आज अनेकांना भलतीच दारू आठवते, पण हे नाव बंदुकीच्या दारूच्या कोठारावरून आले आहे. दाट वस्तीच्या किल्ल्यापासून ते लांब होते. किल्ल्यात आग काय करू शकते, हे मुंबईने 17 फेब्रुवारी 1803 रोजी पाहिले. त्या आगीत किल्ल्यातील बाजारपेठेचा आणि घरांचा मोठा भाग जळाला. त्यानंतर तटबंदीबाहेरची वस्ती अधिक झपाट्याने वाढू लागली. गिरगाव तोपर्यंत मुख्यतः वाड्यांचे होते. फणसवाडी, कांदेवाडी, केळेवाडी ही नावे त्या बागायतीची साक्ष देतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या वाड्यांत चाळी उभ्या राहिल्या. सागवानी खांब, लाकडी तुळया, फळ्यांची जमीन, एकच लाकडी जिना आणि रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर दुकानांची रांग. किल्ल्यातली गर्दी टाळायला शहर बाहेर पसरले खरे, पण पुढे बाहेरही तीच गर्दी, तीच लाकडे आणि तशाच अरुंद गल्ल्या आल्या.

या शहराला स्फोटकांच्या शेजाराचा सर्वांत मोठा धडा मिळाला तो 14 एप्रिल 1944 रोजी. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटके होती. वाटेत कराचीला त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी भरल्या गेल्या. आग लागली ती कापसात. दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे गेली, त्यांत 60 हून अधिक अग्निशामक जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिलपासून अग्निसुरक्षा सप्ताह पाळला जातो. जहाजाची आणि फटाक्याच्या दुकानाची तुलना आकाराने होऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. पण घात होण्याची रीत एकच आहे. स्फोटक माल आपणहून क्वचितच पेटतो. पेटते ते त्याच्या शेजारी ठेवलेले काहीतरी, आणि मग तो माल त्या साध्या आगीचे संकट करून टाकतो.

हे कसे होते ते समजून घेतले पाहिजे. लाकूड किंवा कापड जळायला हवेतला प्राणवायू लागतो. फटाक्याच्या दारूत गंधक, कोळसा किंवा धातूच्या भुकटीबरोबर नायट्रेटसारखा क्षार असतो आणि जळण्यासाठी लागणारा प्राणवायू तोच पुरवतो. म्हणून पेटलेल्या फटाक्यावर पोते टाकून हवा कोंडली, तरी तो विझत नाही. पूर्वी पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रणही वापरले जाई. ते घर्षणाने किंवा नुसते पडून राहूनही पेटू शकते, म्हणून 1992 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. मोकळ्या जागेत पेटलेली दारू वायू आणि उष्णता चहूकडे फेकून मोकळी होते. बंद दुकानात तिला दोनच वाटा मिळतात, एक रस्त्याकडे आणि दुसरी वर. चाळीत वरची वाट म्हणजे जिना.

कायद्याने हे सगळे ओळखले आहे. स्फोटक पदार्थांचा कायदा 1884 चा आहे. त्याखालचे नियम वेळोवेळी बदलत 2008 मध्ये आजच्या रूपात आले आणि त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. नियमांत माळेच्या फटाक्यांना अजूनही ‘चायनीज क्रॅकर्स’ असेच नाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आयात आटली आणि शिवकाशीचा धंदा उभा राहिला, त्याच्याही आधीच्या बाजाराची ही आठवण.

कायमच्या दुकानासाठी हे नियम काय सांगतात? दुकान विटा, दगड किंवा काँक्रीटचे असावे. क्षेत्रफळ 9 चौरस मीटरपेक्षा कमी आणि 25 चौरस मीटरपेक्षा जास्त नसावे. ते तळमजल्यावर असावे आणि इमारतीच्या इतर भागांपासून दोन तास आगीला तोंड देतील अशा भिंतींनी पूर्णपणे वेगळे केलेले असावे. येण्याची वाट स्वतंत्र असावी, संकटकाळी बाहेर पडायला दुसरी वाट असावी आणि दारे बाहेरच्या बाजूला उघडावीत. तळघरात किंवा पोटमाळ्यावर दुकान चालणार नाही. जिन्याखाली किंवा जिन्याजवळही नाही.

हे कलम हातात घेऊन मी ठाकूरद्वार, मुगभाट, खाडिलकर रोड ते सी. पी. टँक असा फेरफटका मारला. वाचकांनीही मारून पाहावा. जुन्या चाळीतल्या दुकानाचे छत म्हणजे वरच्या खोलीची जमीन. मध्ये फळ्या, तुळया आणि कुठे कुठे नंतर घातलेला पत्रा. दोन तासांची भिंत बाजूला बांधता येईल, पण डोक्यावर काय बांधणार? बाहेर जायची दुसरी वाट बहुतेक गाळ्यांना नाही. जिना दुकानाला लागूनच, कारण चाळीची रचनाच तशी. आणि माल ठेवायची जागा म्हणाल, तर गिरगावातल्या दुकानदाराने पोटमाळ्याशिवाय कधी धंदा केलाय का? नियम वाचल्यावर लक्षात येते की, त्यांतली जवळजवळ प्रत्येक मनाई चाळीतल्या गाळ्याला लागू पडते.

तात्पुरत्या दुकानांचे गणित आणखी सोपे आहे. न पेटणाऱ्या सामानाची शेड, दोन शेडमध्ये किमान 3 मीटर अंतर, तोंडे समोरासमोर नाहीत, एका ठिकाणी 50 पेक्षा जास्त दुकाने नाहीत. आणि राहत्या घरांपासून, शाळा-देवळांसारख्या माणसे जमण्याच्या जागांपासून 50 मीटर अंतर. गिरगावातल्या कुठल्याही वाडीत उभे राहून 50 मीटरचे वर्तुळ मनात काढा. त्यात किती चाळी, किती देवळे आणि किती स्वयंपाकघरे येतात ते मोजा. टेबल टाकून, वर प्लास्टिक ताणून, विजेच्या बल्बखाली मांडलेला ‘स्टॉल’ या वर्तुळात बसतच नाही.

मैदानात गेले की प्रश्न सुटतो, असेही नाही. 29 ऑक्टोबर 2016 रोजी, ऐन दिवाळीत, तेव्हाच्या औरंगाबादेत जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा फटाका बाजार पेटला आणि शंभराहून अधिक दुकाने काही वेळात खाक झाली. जागा मोकळी होती, पण दुकाने एकमेकांना खेटून होती. तरीही एवढ्या आगीतून शेकडो माणसे धावत बाहेर पडू शकली, याचे श्रेय मैदानालाच द्यावे लागेल.

बंद जागेत काय होते, याची उदाहरणे परदेशातली आहेत. 3 जुलै 1996 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात स्कॉटटाउन येथे फटाक्यांच्या भरलेल्या दुकानात एकाने आतच फटाका पेटवला. मांडण्यांवरचा माल पेटत गेला आणि 9 माणसे मेली. 29 डिसेंबर 2001 रोजी पेरूची राजधानी लिमा येथे मेसा रेडोंडा या बाजारपेठेत फटाक्यांच्या ठिणगीतून आग भडकली. अरुंद रस्ते, दुतर्फा दुकाने आणि सणाची गर्दी. अडीचशेहून अधिक लोक गेले. त्या बाजाराचे वर्णन वाचताना मला भुलेश्वर दिसत होते.

आपल्याकडे जुन्या लाकडी इमारतीची आग किती कठीण असते, हे सांगायला गिरगावाच्या शेजारचे काळबादेवी पुरेसे आहे. 9 मे 2015 रोजी तिथली गोकुळ निवास ही इमारत पेटली आणि कोसळली. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, तसेच सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी या आगीने नेले. त्या आगीचा फटाक्यांशी संबंध नव्हता. नुसती लाकडे आणि अरुंद रस्ता एवढ्यावर शहराने आपले चार अनुभवी अधिकारी गमावले. त्या लाकडांखाली दारूची खोकी असती तर काय झाले असते, हा प्रश्न विचारायला तज्ज्ञ लागत नाही.

न्यायालयांनी हा प्रश्न विचारला आहे. निवासी भागांत फटाकेविक्रीचे परवाने देऊ नयेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितले आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात ही भूमिका सोडायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 रोजी विक्री फक्त परवानाधारकांनी करावी असे बजावले आणि ऑनलाइन विक्री थांबवली. पण परवाना लागतो तो परवाना मागणाऱ्याला. वर्षभर वह्या, खेळणी किंवा किराणा विकणारा दुकानदार दिवाळीत चार खोकी फुलबाज्या आणि लवंगी माळा ठेवतो, तेव्हा त्याच्या लेखी तो फटाक्यांचा व्यापारी नसतोच. आता तर केकच्या दुकानात बाराही महिने ठिणग्या उडवणारी मेणबत्ती मिळते. 8 डिसेंबर 2023 रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे अशाच मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागून त्याच दिवशी सहा महिला कामगारांचा मृत्यू झाला आणि पुढे हा आकडा वाढला. मेणबत्ती हे नाव दिल्याने आतली दारू बदलत नाही.

दुकानदाराची बाजू मला दिसते. गिरगावातला छोटा व्यापार मॉल आणि ऑनलाइन खरेदीने आधीच पोखरला आहे. दिवाळीचे पंधरा दिवस म्हणजे त्याच्या वर्षाची कमाई. मंडळाच्या नावाने स्टॉल लावणाऱ्या पोरांचाही त्यावर खर्च निघतो. म्हणून नुसत्या मनाईने काही होणार नाही. माल जिन्याखालून पोटमाळ्यावर जाईल, एवढेच. विक्री मैदानात न्यायची, तर महापालिकेने आणि पोलिसांनी वेळेत, परवडेल अशा भाड्यात, नियमातले अंतर आखून जागा द्यायला हवी. दक्षिण मुंबईत मैदाने थोडी आहेत, पण आहेत. गिरगावातल्या दुकानदाराला तिथे पहिला हक्क मिळाला, तर त्याची कमाई बुडणार नाही.

या सगळ्या व्यवहारात विकणारा असतो, घेणारा असतो आणि परवाना देणारा असतो. धोका मात्र मुख्यतः चौथ्याच्या वाट्याला येतो. पहिल्या मजल्यावर फराळाचे तळण करत असलेल्या बाईला, गॅलरीत पडून असलेल्या म्हाताऱ्याला, जिन्यात खेळणाऱ्या पोरांना कोणीच विचारलेले नसते की, आम्ही खाली दारू ठेवतोय, चालेल का? पेशव्यांच्या काळी लंका पर्वतीच्या पायथ्याशी नेली गेली, ती लोकांना लांबून सुखाने पाहता यावी म्हणून. चाळीच्या सभेत गणपतीची वर्गणी आणि पाण्याची टाकी यांवर तासन्‌तास चर्चा होते. त्या सभेत यंदा हा प्रश्नही घ्यावा आणि उत्तर वरच्या बिऱ्हाडांकडून घ्यावे.