पावतीवरची परदेशवारी

आमच्या बँकेत पूर्वी पितळी बिल्ले असत. चेक आत सरकवला की कारकून बिल्ला देई आणि खातेदार बाकावर जाऊन बसे. पैसे मिळालेले नाहीत, पण मिळणार आहेत, एवढाच त्याचा अर्थ. बिल्ला खिशात टाकून भाजी आणायला बाहेर पडणारा शूर खातेदार मी फारसा पाहिला नाही.

माझा मावसभाऊ अमेरिकेत सध्या अशाच बिल्ल्यावर आहे. त्याच्या इमिग्रंट व्हिसावर तिकडच्या विमानतळावर शिक्का पडला. असा शिक्का एक वर्षभर ग्रीन कार्डाच्या जागी चालतो, तसं व्हिसावर छापलेलंच असतं. कार्ड पोस्टाने यायचंय. तेवढ्यात इकडे मावशीचं ऑपरेशन ठरलं.

“अरे, शिक्क्यावर येऊन परत जाता येतं ना?” मी फोनवर विचारलं.

“येतं हो दादा. पण पोटात गोळा येतो.”

आता हा गोळा कुठून येतो, ते शोधायला मी बसलो. कागदांशी आमचं घराणं जुनं.

पहिली गंमत अशी कळली, की ते कार्डही मुळात पावतीच! १९४० च्या कायद्याने तिथल्या परक्या नागरिकांना पोस्टात जाऊन नाव नोंदवावं लागलं, बोटांचे ठसे द्यावे लागले. त्याची पोच म्हणून मिळालेलं ते ‘नोंदणी-पावती कार्ड’. महायुद्धानंतर कायम राहणाऱ्यांचं कार्ड हिरवं निघालं, म्हणून ग्रीन कार्ड. १९६४ साली सरकारने ते निळं केलं, पुढे आणखी रंग पालटले, पण लोक हिरवंच म्हणत राहिले. शेवटी २०१० मध्ये सरकारच शरण आलं आणि कार्ड पुन्हा हिरवं झालं.

पण पोटातला गोळा १९४० पेक्षा जुना आहे. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केलं. आधीपासून राहणाऱ्यांनी मायदेशी जाऊन परत यायचं असेल, तर निघताना सर्टिफिकेट घ्यायचं. चे चान पिंग नावाचा मजूर १८७५ पासून सॅन फ्रान्सिस्कोत होता. १८८७ च्या जूनमध्ये त्याने बंदरावरच्या कस्टम्सकडून रीतसर सर्टिफिकेट घेतलं आणि ‘गेलिक’ बोटीने तो चीनला गेला. परतीसाठी १८८८ च्या ७ सप्टेंबरला हाँगकाँगहून ‘बेल्जिक’ बोटीत बसला. इकडे बोट भर समुद्रात असताना १ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी नव्या कायद्यावर सही ठोकली: अशी सगळी सर्टिफिकेटं रद्द! आमच्या भाषेत स्टॉप पेमेंट. तेही एका चेकवर नव्हे, सुमारे २०,००० सर्टिफिकेटांवर. बोटीवर ही बातमी पोचणार कशी? बिनतारी संदेश अजून जन्मायचे होते.

८ ऑक्टोबरला पिंगने सर्टिफिकेट पुढे केलं. सही खरी, शिक्का खरा, माणूसही तोच. आमच्या काउंटरवर याहून जास्त आम्ही काही मागत नाही. (क्वचित पॅन कार्डाची झेरॉक्स मागतो.) पण त्याला उतरू दिलं नाही. बारा वर्षं जिथे घाम गाळला ते शहर समोर दिसतंय आणि पाय मात्र बोटीवर!

तो कोर्टात गेला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं. १३ मे १८८९ ला न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी निकाल वाचला: परक्यांना आत घ्यायचं की नाही हा सरकारचा हक्क, आणि दिलेली परवानगी सरकार मनात येईल तेव्हा काढून घेऊ शकतं. कोर्टात एकाही न्यायमूर्तीने वेगळं मत दिलं नाही. ड्राफ्ट वटवायला आणल्यावर ‘आमची मर्जी फिरली’ असं आम्ही सांगितलं असतं, तर काचेचं पार्टिशन शिल्लक राहिलं नसतं. पिंगला त्याच वर्षी परत पाठवलं.

चिन्यांवरची बंदी उठली १९४३ साली, तीही वर्षाला १०५ माणसांपुरती. पिंगच्या खटल्याचा निकाल मात्र आजतागायत कोणी उलटवलेला नाही. तिकडचे सरकारी वकील अजून त्याचा हवाला देतात.