कुंपण नसलेला खेळ

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या संध्याकाळच्या बैठकीत बुद्धिबळाचा पट बहुधा असतोच. दोघे खेळणारे, न विचारता सल्ला देणारा तिसरा, आणि शेजारच्या खोलीत क्रिकेटचा सामना पाहण्यास जमलेली पन्नास माणसे! हे दृश्य पाहिले की, याच भूमीत जन्मलेल्या या खेळाकडे लक्ष्मीने आणि लोकप्रियतेने पाठ का फिरवावी, असा प्रश्न मनात येतो. ‘लोकांना अभिरुची नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. इतिहास मात्र निराळेच उत्तर देतो.

या दृष्टीने १९३३ हे साल मोठे बोधप्रद आहे. पंजाबातील मिठा टिवाणा येथील मीर सुल्तान खान हे सर उमर हयात खान टिवाणा यांच्या आश्रयाने १९२९ मध्ये लंडनला गेले. आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरकते. त्या पद्धतीत वाढलेल्या या माणसाने पाश्चात्त्य नियम आत्मसात करून १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटनचे अजिंक्यपद मिळविले. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत तर त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला नमविले. पण १९३३ च्या अखेरीस ते आश्रयदात्याबरोबर मायदेशी परतले आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय खेळ तेथेच संपला. १९६६ मध्ये ते वारले, तेव्हा जगाला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता.

त्याच १९३३ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर आपल्या देशातला पहिला कसोटी सामना झाला. लाला अमरनाथांनी ११८ धावा काढल्या तेव्हा हर्षभरित स्त्रियांनी अंगावरचे दागिने त्यांना बहाल केले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. तेवढ्यावरून क्रिकेट तेव्हाच धनवान होते असे समजणे मात्र चूक ठरेल. ते राजेरजवाड्यांच्या आश्रयाने जगत होते. खुद्द कर्णधार सी. के. नायडू इंदूरच्या होळकर दरबारच्या लष्करात अधिकारी होते. सारांश, तेव्हा दोन्ही खेळ एकाच दारी उभे होते.

पुढे संस्थाने गेली, तरी क्रिकेटचे दैन्य लगेच फिटले नाही. १९८३ मध्ये विश्वचषक जिंकून आलेल्या वीरांना देण्यापुरते द्रव्य क्रिकेट मंडळापाशी नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, तेव्हा कुठे प्रत्येक खेळाडूच्या हाती एक लाख रुपये पडले. सामने दाखविण्याबद्दल दूरदर्शन उलट मंडळाकडेच शुल्क मागत असे. १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून वाद पेटला आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारचा मक्ता असू शकत नाही. त्या निकालाने सामन्याचे दृश्य विकण्याचा मार्ग मोकळा झाला. मैदानाभोवती कुंपण होतेच; आता चित्राभोवतीही ते घालता आले. २०२२ मध्ये इंडियन प्रीमियर लीगच्या पाच हंगामांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले.

बुद्धिबळानेही असे कुंपण घालण्याची खटपट करून पाहिली. २०१६ मध्ये न्यूयॉर्कला कार्लसन व कार्याकिन यांच्यात जगज्जेतेपदाची लढत होती. चाली घडताक्षणी इतरांनी त्या प्रसिद्ध करू नयेत, म्हणून आयोजकांनी तेथील न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने मनाईहुकूम नाकारला. खेळल्या गेलेल्या चाली ही घडलेली वस्तुस्थिती आहे, तिच्यावर कुणाची मालकी नाही, असा त्याचा आशय होता.

खरी मेख येथे आहे. क्रिकेटचे धावफलक वाचून अमरनाथांचा फटका डोळ्यांपुढे येत नाही. तो पाहण्यास तिकीटच काढावे लागते. बुद्धिबळात मात्र चाली लिहिलेला कागदाचा कपटा हाती आला की अख्खा डाव हाती आला. शिवाय बॅट कधी हाती न धरलेलाही षट्कार पाहून उभा राहतो; पटावर मात्र जे घडते ते खेळणाऱ्याच्या मस्तकात घडते, आणि खेळ जाणणाऱ्यालाच ते दिसते. म्हणून बुद्धिबळाला खेळाडू लाभले, गिऱ्हाईक लाभले नाही. आणि गिऱ्हाईक नाही म्हणून आश्रयदात्याची गरज सुटली नाही. आश्रयदाते तेवढे बदलत गेले. १९७२ मध्ये फिशर व स्पास्की यांची लढत मोडू पाहत होती, तेव्हा जिम स्लेटर या इंग्रज धनिकाने बक्षिसाची रक्कम दुप्पट करून ती वाचविली. सोव्हिएत खेळाडूंचा पोशिंदा त्यांचे राज्य होते. आपल्याकडे कित्येक ग्रँडमास्टरांना सरकारी तेल कंपन्यांच्या नोकरीने तारले. आश्रय दिला जातो तसा काढूनही घेतला जातो, हे सुल्तान खानांच्या चरित्राइतके स्पष्ट दुसरे कोण सांगणार?

नोव्हेंबर २०२४ मध्ये हा फरक आकड्यांतच दिसला. २४ तारखेला लिलावात ऋषभ पंत यांना एका संघाने २७ कोटी रुपये देऊ केले. दुसऱ्याच दिवशी सिंगापूरला गुकेश व डिंग लिरेन जगज्जेतेपदासाठी पटावर बसले. दोघांचे मिळून एकूण पारितोषिक २५ लाख डॉलर, म्हणजे सुमारे २१ कोटी रुपये होते.

मात्र या दारिद्र्याला दुसरी बाजू आहे. १८५१ मध्ये लंडनला अँडरसन या जर्मन गणितशिक्षकाने किझेरित्स्कीविरुद्ध सहज म्हणून खेळलेला डाव आज आपण आपल्या पटावर जसाच्या तसा मांडू शकतो. सुल्तान खानांना २०२४ मध्ये, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी, जागतिक महासंघाने सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली. त्यांच्या बाजूने बोलायला दौलत नव्हती, दरबार नव्हता. होते ते त्यांचे डाव, कुणाच्याही मालकीचे नसलेले आणि म्हणूनच जगभर जपले गेलेले. ज्या कारणाने बुद्धिबळाला पैसा मिळाला नाही, त्याच कारणाने त्याच्या खेळाडूंना विस्मृतीतून परत येता आले. संध्याकाळी पट मांडताना हे ध्यानात असावे. शेजारच्या खोलीतल्या गर्दीचा मग हेवा वाटणार नाही.