आजीच्या आजीचे बडोदे : लहान मुलांना समाजाचा इतिहास शिकविताना



सात-आठ वर्षांच्या मुलाला शतक म्हणजे काय ते कळत नाही. ‘आजीची आजी’ मात्र कळते. समाज कसा बदलत जातो हे बालवयात शिकवावयाचे, तर या मोजपट्टीनेच शिकवावे लागेल. सनावळी मागाहून येऊ द्यावी.

बडोद्यातील मुलाने सेवउसळ खाल्लेली असतेच. उसळ कोणाच्या चुलीवरची, शेव कोणाच्या फरसाणाच्या दुकानातली, हे त्याला विचारावे. कोणत्याही हुजूर हुकुमाने या दोहोंची गाठ घातलेली नाही. शेजारी राहणाऱ्या माणसांनी ती घातली. आमच्या घरांतून खिडकीची ‘बारी’ झाली, तीही अशीच. मुलाच्या वहीत ‘बारी बंद कर’ असे वाक्य आढळले की लाल रेघ ओढण्यापूर्वी हा शब्द घरात कोण प्रथम बोलले, हे शोधून यावयास त्याला सांगावे. व्याकरण दुसऱ्या दिवशी शिकविले तरी चालते.

आमच्या घरांतून मुलांच्या कानी दोनच गोष्टी पडतात. एक, ‘येथे आपले राज्य होते.’ दुसरी, ‘आता आपले काही उरले नाही.’ पहिलीने मूल पोकळ ऐट शिकते, दुसरीने उगाचच ओशाळते. आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. १७३२ मध्ये पिलाजीराव गायकवाड डाकोर येथे मारले गेले आणि १७३४ मध्ये गायकवाडांनी बडोदे घेतले, हे खरे. परंतु त्यापूर्वीही येथे नांदती वस्ती होती. अकोट्यास सापडलेल्या प्राचीन जैन कांस्यमूर्ती मुलांना संग्रहालयात दाखवाव्यात. आपणही येथे कधीतरी नव्याने आलो, हे त्यांना न बोलता समजेल.

कवळाण्याच्या शेतकरी घरातून १८७५ मध्ये दत्तक आलेल्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर नेला. त्या शाळांत बसणारी बहुसंख्य मुले गुजराती होती. रियासतकार सरदेसाई याच दरबारी राजपुत्रांचे शिक्षक होते. त्यांना शिकविण्याकरिता काढलेल्या टाचणांतून पुढे ‘रियासत’ उभी राहिली. १९३१ मध्ये निघालेला ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ हा राज्यव्यवहाराचा कोश तर आठ भाषांचा आहे. एका भाषेचे राज्य असे हे नव्हतेच.

मग १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. माझ्या मते आपल्या समाजाच्या जीवनातील सर्वांत मोठा बदल तो हाच. दरबारी कचेरीतील नोकरी हा ज्या घरांचा कणा होता, त्या घरांतील पुढची पिढी बँकांत, कारखान्यांत, विद्यापीठात शिरली. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले, आणि शेजाऱ्याची भाषा ही शासनाचीही भाषा ठरली. मराठी वर्ग ओस पडू लागले ते एका रात्रीत नव्हे, कोणा एकाच्या दोषानेही नव्हे. मुलाने पोटापाण्याकरिता कोणती भाषा शिकावी याचा हिशेब प्रत्येक घराने निरनिराळा केला. तो हिशेब मुलांना सांगावा. त्यांना तो उत्तम कळतो. वडिलांची बदली झाली की घर कसे हलते, हे त्यांनी पाहिलेले असते.

शिक्षकांना एक सुचवितो. सुरसागराजवळील न्यायमंदिरापुढे वर्ग न्यावा. १८९६ ची ही इमारत. २०१८ मध्ये न्यायालय तेथून हलले. येथे कोण येत असे, कशासाठी, आणि ती माणसे आता कोठे जातात, एवढे तीन प्रश्न फळ्यावर लिहून द्यावेत. उत्तरे मात्र घरच्या वडीलधाऱ्यांकडून आणि शेजारच्या गुजराती किंवा मुसलमान आजोबांकडूनही आणावयास सांगावीत. ती जुळणार नाहीत. न जुळलेली उत्तरे वर्गात मोठ्याने वाचावीत, आणि ती का जुळत नाहीत, हे मुलांनाच विचारावे.