खाप्री, दमाम आणि मंचीकेरीचे नाटक

गोव्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'खाप्री' हा शब्द अजून सापडतो. उन्हातान्हात हुंदडून काळ्याठिक्कर पडलेल्या नातवाला आजी 'खाप्रो' म्हणते, त्यात थोडा राग असतो आणि बराच लाड. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांत मोझांबिकहून आणलेले शिपाई ज्यांनी पाहिले ते सांगतात की गोरा तो पाखलो आणि काळा तो खाप्री, एवढी सोपी वाटणी होती. शब्द मूळ अरबी, 'काफिर'. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचा 'काफ्र' झाला आणि आमच्या जिभेवर येऊन खाप्री. कारवारला काळी नदीच्या काठी, कोडीबागेत, तर खापरी देवाचे देऊळच आहे. नवसाला त्याला दारू आणि सिगारेट चालते. म्हणजे हा माणूस आपल्या शिवीत आहे, लाडात आहे, देवळातही आहे. नाही तो फक्त आपल्या इतिहासाच्या पुस्तकात.

मराठी वाचकाला हबशी म्हटले की दोन गोष्टी आठवतात, जंजिरा आणि मलिक अंबर. दोन्ही सत्तेच्या कथा आहेत. निजामशाहीचा कारभार हाकणारा अंबर हा विकला गेलेला मुलगा होता हे आपण कौतुकाने सांगतो, कारण पुढे तो मोठा झाला. जे मोठे झाले नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न गोव्याच्या माणसाने विचारायला हवा, कारण त्यांचा बाजार आमच्या अंगणात भरत होता.

हा बाजार कसा होता याचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन आहे. यान हुयगेन व्हान लिन्सखोटेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. जुन्या गोव्याच्या सरळ रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरे, घोडे, गालिचे, मसाले यांच्याबरोबर माणसेही विकली जात, असे त्याने लिहून ठेवले आहे. वीसेक वर्षांनी आलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल तर एक जास्तीची गोष्ट सांगतो. विक्रीला उभ्या केलेल्या मुलींचे गुण पुकारले जात. ही वाद्य वाजवते, ही बारीक शिवणकाम करते, ही मुरंबे घालते. वाजवता येणे, शिवता येणे ही तेव्हा कला नव्हती, दराचा भाग होती. हा तपशील मी वाचला तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसलो होतो. वाजवणे आणि शिवणे या दोन्ही गोष्टी पुढे पुन्हा येणार आहेत, म्हणून वाचकांनी त्या ध्यानात ठेवाव्यात.

गुलामांच्या व्यापाराला पोर्तुगालने १८३६ मध्ये कायद्याने बंदी घातली आणि गुलामगिरी रद्द केल्याचे जाहीर व्हायला १८६९ साल उजाडले. जेनेट पिंटो यांचे 'स्लेव्हरी इन पोर्च्युगीज इंडिया' हे पुस्तक १९९२ मध्ये आले. ते ज्यांना मिळेल त्यांनी जरूर वाचावे. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा जहाजावरच्या मालाबरोबर हिशेब होई, त्यांच्यावर जकात लागे. बाप्तिस्मा देऊन नवीन नाव ठेवले जाई, आणि त्यानंतर कागदात उरायचे ते एवढेच. नोंदवह्यांत आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला यातली थंडाई चटकन कळते. वही व्यवस्थित असते. माणूस तेवढा हरवलेला असतो.

पण सगळेच काही वहीत राहिले नाहीत. पळून जाणारे पळाले. गोव्यातून पळणाऱ्याला पूर्वेला सह्याद्री आणि दक्षिणेला काळी नदीपलीकडचे दाट रान, याखेरीज दुसरी वाट नव्हती. अनमोडचा घाट चढून रामनगर, हल्याळ, यल्लापूर या बाजूला गेलात तर आजही सिद्दींच्या वाड्या भेटतात. सगळ्याच सिद्दींचे पूर्वज गोव्यातून आले असे म्हणता येणार नाही, विजापूरकडून आलेलेही आहेत. पण घरात कोकणी बोलणारे सिद्दी पाहिले की कुठली वाट तुडवून हे लोक आले ते वेगळे सांगावे लागत नाही. कोकणीत मराठी आणि कन्नड मिसळलेली त्यांची बोली आपल्या कानाला परकी वाटत नाही. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. यल्लापूरच्या बाजूला रानात सिद्दीनास म्हणून त्यांचे एक स्थान आहे, तिथल्या उत्सवाला तिन्ही धर्मांचे सिद्दी जमतात. धर्म मालकाकडून, जमीनदाराकडून मिळाला. मूळ एकच, हे विसरायला ते तयार नाहीत.

आता मंचीकेरी. यल्लापूरहून शिरसीकडे जाताना वाटेत हे गाव लागते. सुपारीच्या बागा, भोवती जंगल, आणि त्या बागांत पिढ्यान्‌पिढ्या राबणारे सिद्दी. घाटावरचे हेग्गोडू हे शिमोगा जिल्ह्यातले खेडे नाटकवाल्यांना ठाऊक असते. तिथे के. व्ही. सुब्बण्णा यांनी १९४९ मध्ये निनासम ही संस्था काढली, १९८० पासून तिथे नाट्यशिक्षणाची शाळा चालते, आणि १९९१ मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ऐंशीच्या दशकात निनासमची माणसे गावोगाव जाऊन, नाटक कधी न केलेल्या लोकांबरोबर नाटके बसवू लागली. चिदंबरराव जंबे हे त्यांच्यातले एक दिग्दर्शक. पुढे ते मैसूरच्या रंगायणचे संचालकही झाले. त्यांनी मंचीकेरीच्या सिद्दींना घेऊन जे नाटक उभे केले त्याचे नाव 'कप्पु जनरु केंपु नेरळु', म्हणजे काळी माणसे, तांबडी सावली. नाटक कुठले? तर नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीचे कन्नड रूप.

या निवडीचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. १९६६ मध्ये डकारला आणि १९७७ मध्ये लागोसला जगभरच्या कृष्णवर्णीय कलावंतांचे प्रचंड महोत्सव भरले होते, सरकारांनी त्यावर पैसा ओतला होता. आणि इकडे एका तालुक्यातल्या बागायती गावात, सुपारी सोलणारी माणसे संध्याकाळी एकत्र जमून आफ्रिकेची गोष्ट उभी करत होती. ज्यांच्या पणजोबांच्या पणजोबांना तिथून उचलून आणले होते त्यांच्यापर्यंत ती गोष्ट इंग्रजीतून कन्नडमध्ये येऊन पोचली. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र कोकणी! किती वळणे घेऊन ती आली पाहा.

ज्यांनी कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओकोन्क्वो हा इग्बो जमातीतला नावाजलेला मल्ल. बाप बासरी वाजवणारा, कर्जबाजारी, आळशी. आपण बापासारखे होऊ नये या एकाच भीतीने ओकोन्क्वो आयुष्यभर कठोर राहतो. हातून अपघाताने एक माणूस मरतो म्हणून त्याला सात वर्षे गाव सोडावे लागते, आणि तेवढ्या अवधीत गावात मिशनरी येतात, चर्च येते, मागोमाग गोऱ्यांचे कोर्ट येते. त्याचा थोरला मुलगा नव्या धर्मात जातो. परत आलेल्या ओकोन्क्वोला आपले गाव ओळखू येत नाही. शेवटी तो सरकारी जासुदाला ठार करतो आणि स्वतःला गळफास लावून घेतो. मग येतो इंग्रज जिल्हाधिकारी. तो स्वतः एक पुस्तक लिहीत असतो, आणि या माणसाच्या आयुष्याला त्यात फार तर एक परिच्छेद देता येईल असा हिशेब करतो. कादंबरी तिथे संपते.

गोव्याच्या वाचकाला ही गोष्ट आफ्रिकेची वाटतच नाही. एक भाऊ क्रिस्तांव झाला आणि दुसरा देव घेऊन नदीपार गेला, अशा कथा आमच्या कितीतरी कुळांत सांगितल्या जातात. मुलगा पलीकडे गेला म्हणून बापाचे काय होत असेल ते आम्हाला समजावून सांगायला नको. पण सिद्दींसाठी यात आणखी एक पदर आहे. त्या जिल्हाधिकाऱ्याचा परिच्छेद आमच्या जकातीच्या वहीतल्या ओळीचाच सख्खा भाऊ. फरक इतकाच की मंचीकेरीत त्या ओळीच्या आतली माणसे स्वतः उठून उभी राहिली, त्यांना गोष्टीला सुरुवात, मधला भाग आणि शेवट मिळाला, आणि समोर बसलेल्या गावाने ती शेवटपर्यंत पाहिली. त्या समोरच्या गावात बागांचे मालकही आले.

आपल्या रंगभूमीची इथे आठवण होते. शेक्सपियरचा ऑथेल्लो मराठीत देवलांनी १८९० मध्ये 'झुंझारराव' म्हणून आणला आणि गणपतराव जोशींनी ती भूमिका गाजवली. नाटक मोठेच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मूर सेनापतीला आपण मराठी नाव देऊन आपलासा केला. काळ्या माणसाची भूमिका काळ्या माणसाने करावी, हा विचार त्या काळात कुणाला सुचणे शक्यही नव्हते. आणि सिद्दी तर तेव्हाही यल्लापूरच्या रानात होतेच की!

दमाम हे सिद्दींचे मुख्य वाद्य. त्याच्या तालावर होतो तो दमामी नाच. आपल्या मराठीतला दमामा आणि हा दमाम एकाच घरचे शब्द आहेत. आणि बायका काय करतात? फुगडी. आमच्या चवथीला, धालोच्या मांडावर घालतात तीच फुगडी, थोडी निराळ्या चालीची. मला वाटते, इथेच कौतुक करणाऱ्यांची पंचाईत होते. महोत्सवाच्या व्यासपीठावर सिद्दी कलावंतांना बोलावणाऱ्यांना आफ्रिका हवी असते. पानांचे झगे, तोंडावर पांढरे पट्टे, डोक्यावर पिसे. गुजरातच्या सिद्दींचा धमाल-गोमा मोरपिसे लावून, तोंड रंगवून होतो, त्याची स्वतःची परंपरा आहे, बाबा गोर या त्यांच्या पिराशी जोडलेली. तोच साचा उत्तर कन्नडच्या सिद्दींवर बसवला की फुगडी घालणाऱ्या, कोकणीत गाणाऱ्या बाईचे काय करायचे ते कुणाला कळत नाही. ती पुरेशी 'आफ्रिकन' दिसत नाही ना! पाचशे वर्षांत ती इथे जे शिकली, तिने इथल्यांना जे शिकवले, तेही तिचेच आहे, हे मान्य करायला आपण कचरतो. कारण ते मान्य केले तर ती इथे कशी आली हेही सांगावे लागते.

मंचीकेरीच्या त्या प्रयत्नानंतर वाट बुजली नाही. सिद्दी मुलेमुली निनासमच्या शाळेत शिकली. प्रशांत सिद्दी 'परमात्मा' (२०११) पासून कन्नड चित्रपटांत दिसू लागले. गिरिजा सिद्दी, गीता सिद्दी यांनी नाटक आणि लोकगीते दोन्ही केली. २०२१ च्या 'सलग' या कन्नड चित्रपटात सिद्दी कलावंतांचे गाणे आले आणि ते इतके वाजले की गोव्यातल्या लग्नाच्या वरातीतही ऐकू आले. ते कुणाचे, हे वरातीत नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते ते सोडा.

सरकारी नोकराची नजर म्हणून एक बारीक गोष्ट नोंदवतो. २००३ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्ती कायद्याने आमचे कुणबी, गावडा आणि वेळीप अनुसूचित जमातींच्या यादीत आले. त्याच कायद्याने उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दीही आले. बेळगाव, धारवाडच्या सिद्दींना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले. गंमत अशी की गोवा, दमण व दीव यांच्या १९६८ च्या मूळ यादीत 'सिद्दी' हे नाव होतेच. दीवमध्ये सिद्दींची वस्ती होती म्हणून. जातीचे दाखले काढणाऱ्यांच्या रांगा पाहिलेल्या माणसाला अशा यादीतले एक नाव म्हणजे किती शाळा, किती नोकऱ्या, हे लगेच दिसते.

राहिले शिवणकाम. सिद्दी बायका जुन्या साड्यांच्या, कपड्यांच्या चिंध्यांची कवंदी शिवतात. आमच्याकडची गोदडी म्हणा हवी तर, पण रीत वेगळी. कडेपासून सुरुवात करून टाके घालत घालत आत मध्यापर्यंत जायचे. विस्कॉन्सिन विद्यापीठातले कलेचे अभ्यासक हेन्री ड्रूअल यांनी ही कला बारकाईने नोंदवली, आणि न्यूयॉर्कपर्यंत या कवंद्या जाऊन आल्या. मध्यापर्यंत शिवून झाले की चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंधीची तिकोनी फुले लावतात. शब्दही 'फूल' हाच. कोपऱ्याला फुले नसतील तर कवंदी उघडी राहिली असे त्या बायका म्हणतात, आणि उघडी कवंदी हातावेगळी करत नाहीत.